दाढ काढायची आहे? आधी गोळ्यांची पिशवी दाखवा

मागच्या आठवड्यात सकाळी सातलाच फोन वाजला. "डॉक्टर, उद्या दाढ काढायचीय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चार दिवस झाले बंदच ठेवल्यात. आता फक्त तुमची फिटनेसची चिठ्ठी तेवढी पाहिजे."

फोन करणारे गृहस्थ पासष्टीचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेला. गोळ्या बंद करायला यांना सांगितलं कुणी? दंतवैद्यांनी नाही, मी तर नाहीच. सकाळी फिरायला बरोबर असणाऱ्या एका मित्राने सांगितलं होतं. त्याची दाढ बारा-पंधरा वर्षांपूर्वी काढली तेव्हा त्याने तसं केलं होतं आणि त्याला काही झालं नव्हतं. म्हणून यांनीही केलं. मी त्यांना म्हटलं, आधी नाश्ता करा, गोळी घ्या, आणि मग मला परत फोन करा. नंतर दंतवैद्यांशी बोललो. गोळ्या चालू ठेवून दोन दिवसांनी दाढ निघाली. रक्त नेहमीपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त आलं, एवढंच.

मी दंतवैद्य नाही. कुठला दात काढायचा, कुठला रूट कॅनाल करून वाचवायचा, हे त्यांचं शास्त्र आहे आणि त्यात मी नाक खुपसत नाही. राजारामपुरीत तर एकेका गल्लीत दोन-दोन दातांचे दवाखाने आहेत, तेव्हा चांगला सल्ला मिळायला तुम्हाला लांब जावं लागत नाही. पण दात ज्या माणसाच्या तोंडात आहे त्या माणसाचं हृदय, साखर, मूत्रपिंड आणि रक्त माझ्या वहीत असतं. दात काढण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यात ज्या भानगडी होतात, त्यांतल्या बऱ्याच माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून हा लेख.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

वीस वर्षांहून जास्त काळ झाला असेल. हृदयाची धातूची झडप बसवलेली एक बाई माझ्याकडे यायच्या. वय चाळीसच्या आतलं. अशा माणसाला रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर गोळी घ्यावी लागते. त्यांची खालची दाढ किडली होती. दंतवैद्यांनी मला विचारलं, काय करायचं? त्या काळी आम्ही सगळेच जे लिहायचो ते मी लिहिलं: 'गोळी पाच दिवस बंद ठेवून दाढ काढण्यास हरकत नाही.' खाली सही, शिक्का. दाढ व्यवस्थित निघाली. रक्त जवळजवळ आलंच नाही. सहाव्या दिवशी पहाटे त्यांचं बोलणं अडखळायला लागलं आणि उजवा हात लुळा पडला. झडपेवर रक्ताची गुठळी झाली होती, तिचा तुकडा मेंदूत गेला होता. त्या वाचल्या. बोलणं पुष्कळ सुधारलं. पण उजव्या हाताने त्यांना पुन्हा भाकरी थापता आली नाही.

अमेरिकेतले एक दंतवैद्य, मायकेल वाल, यांनी १९९८ साली डॉक्टरांच्या एका मोठ्या नियतकालिकात याच विषयावरचा आढावा छापला होता. रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवून दात काढले तर बहुतेकांचं रक्त साध्या उपायांनी थांबतं. आणि दातासाठी गोळी थांबवलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी पाच जणांना गुठळीचा गंभीर त्रास झाला, त्यातले चौघे दगावले. म्हणजे शंभरात एक. माझी चिठ्ठी लिहून व्हायच्या काही वर्षं आधी हे छापून आलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं.

हे गणित समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथे आहे. दाढ काढल्यावर जो खड्डा पडतो, तो डोळ्यासमोर असतो. तिथे बोट पोचतं, कापसाचा बोळा दाबता येतो, टाका घालता येतो, रक्त थांबवणारा विरघळणारा स्पंज भरता येतो. तिथलं रक्त त्रास देईल, उशी लाल करेल, घरच्यांना घाबरवेल, पण ते थांबवता येतं. गुठळी मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीत किंवा मेंदूत होते. तिथे दाबायला बोट पोचत नाही. दिसणाऱ्या रक्ताला आपण घाबरतो आणि न दिसणारी गुठळी ओढवून घेतो.

आता गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर. 'रक्त पातळ करायची गोळी' या एकाच नावाखाली आपण तीन वेगवेगळ्या जातीच्या गोळ्या मोजतो.

पहिली जात अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांची. स्टेंट बसलेल्यांना, हार्ट अ‍ॅटॅक किंवा लकवा येऊन गेलेल्यांना या असतात. एक असो वा दोन्ही, साधा दात काढण्यासाठी या थांबवायच्या नाहीत. स्टेंट नवा असेल तर तर मुळीच नाही. २००७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या, शल्यचिकित्सकांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन हेच निवेदन काढलं होतं. औषध लावलेला स्टेंट असेल तर पुढे ढकलता येण्यासारखी शस्त्रक्रिया वर्षभर ढकला, पण गोळ्या वेळेआधी थांबवू नका. दुखणारी, पू झालेली दाढ वर्षभर ढकलता येत नाही हे मलाही कळतं. ती काढायची, पण गोळ्या चालू ठेवून.

दुसरी जात वॉरफरिन आणि असिनोकुमारॉल. झडप बदललेल्यांच्या गोळ्या. यांचा परिणाम आयएनआर नावाच्या तपासणीवर मोजतात. दात काढण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी ही तपासणी करून रिपोर्ट दंतवैद्यांच्या हातात द्या. आकडा चारच्या खाली असेल तर गोळी न थांबवता साधा दात काढता येतो, असं ब्रिटनमधल्या दंतवैद्यांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडचे काही जण साडेतीनपर्यंतच जातात, तेही ठीक आहे. तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट घेऊन जाऊ नका. त्याचा उपयोग शून्य.

तिसरी जात नवीन गोळ्यांची. अ‍ॅपिक्साबान, रिवारोक्साबान, डॅबिगाट्रान. एक-दोन दात साधेपणाने काढायचे असतील तर बहुधा याही चालू ठेवतात. एकदम जास्त दात काढायचे असतील तर त्या सकाळचा एखादा डोस उशिरा घ्या किंवा टाळा असं सांगितलं जातं. पण तो एक डोस, पाच दिवस नव्हे. आणि तो निर्णय गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरचा. मित्राचा नाही, मेडिकलवाल्याचाही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की दंतवैद्याकडे जाताना घरातली गोळ्यांची पिशवी उचलून तशीच्या तशी न्या. "बीपीची एक बारकी गोळी हाय, आणि एक पांढरी" असं सांगून भागत नाही. पाकिटं न्या, फायली न्या.

पिशवीत न मावणारी औषधंही असतात, आणि तीच नेमकी सांगायची राहतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून दिलेलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, किंवा सहा महिन्यांनी पोटावर घेतलेलं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, किंवा आठवड्यातून एकदा रिकाम्या पोटी घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी. आजींना विचारलं, काही औषध चालू आहे का, तर त्या नाही म्हणतात, कारण त्यांच्या मते वर्षातून एकदा घेतलेली सलाईन म्हणजे काही 'चालू औषध' नव्हे. या औषधांनी क्वचित असं होतं की दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं, कुजतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या डोसात हा धोका फारच कमी असतो, कर्करोगासाठी दिलेल्या मोठ्या डोसात जास्त. घाबरून इंजेक्शन चुकवू नका, डेनोसुमॅब मध्येच सोडलं तर मणके मोडू शकतात. पण सांगा. आणि हे इंजेक्शन अजून सुरू व्हायचं असेल तर आधी दात तपासून, काढायचे ते काढून घ्या. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी शेक घेतलेला असेल, कितीही वर्षांपूर्वी, तर दंतवैद्याला पहिलं वाक्य तेच सांगायचं.

झडप बदललेली असेल, किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल, तर दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो. एकच. काही जन्मजात हृदयदोषांतही तो लागतो. तुम्ही त्यात बसता का, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून एकदा कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

मधुमेहाचं वेगळंच. दात काढायचा म्हणजे ऑपरेशन, ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटी, असं समजून मंडळी साखरेची गोळी घेतात आणि नाश्ता न करता खुर्चीत जाऊन बसतात. एक काकू तर संकष्टीच्या दिवशी गेल्या. इंजेक्शन द्यायच्या आधीच त्यांना दरदरून घाम फुटला. साखर तपासली तर ५२. फक्त हिरडी बधिर करून दात काढायचा असेल तर उपाशी राहायची काहीही गरज नाही. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करा, गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्या आणि जा. साखर फार वाढलेली असेल तर आधी आटोक्यात आणावी, हे खरं. पण दाढेत पू असेल तर तो पूच साखर वाढवत असतो, आणि साखर उतरायची वाट बघत महिना घालवला तर दोन्ही वाढत राहतात. अशा वेळी आम्ही दोघं डॉक्टर एकमेकांशी बोलून मार्ग काढतो.

ब्लडप्रेशरची गोळी त्या सकाळी न चुकता घ्यायची. प्रेशर १८० वर ११० किंवा त्याहून जास्त असेल तर दंतवैद्य तुम्हाला परत पाठवतील, त्यावर रागावू नका. गरोदर बाईने दाढदुखी नऊ महिने सोसायची, हा समजही सोडा. मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे, आणि नेहमीचं बधिर करायचं इंजेक्शन चालतं. डेंग्यू होऊन प्लेटलेट उतरलेल्या असतील, किंवा दारूने लिव्हर खराब झालेलं असेल, तर मात्र आधी रक्त तपासल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका.

आता त्या फिटनेसच्या चिठ्ठीबद्दल. माझं मत जरा कडू आहे. 'फिट फॉर डेंटल एक्स्ट्रॅक्शन' एवढंच लिहिलेली चिठ्ठी म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरवर ढकललेली जबाबदारी. मीही अशा शेकडो लिहिल्या आहेत. त्या चिठ्ठीने पेशंटचं काही भलं होत नाही. हल्ली मी चिठ्ठीत आजार लिहितो, सगळ्या गोळ्या डोससकट लिहितो, शेवटचे रिपोर्ट लिहितो, काय थांबवायचं नाही ते ठळक लिहितो आणि खाली माझा मोबाईल नंबर टाकतो. लिहायला दहा मिनिटं लागतात, आणि बाहेरचे पेशंट कुरकुरतात. तुमचा डॉक्टर नुसती सही करून देत असेल तर त्याला अदबीने विचारा, "साहेब, गोळ्यांचं पण लिहा की." तो लिहील.

दात काढून झाल्यावरची औषधं, हा माझ्याकडे येणाऱ्या भानगडींचा दुसरा मोठा गठ्ठा. मेट्रोनिडाझोल नावाचं औषध दातांच्या जंतूंवर चांगलं चालतं, म्हणून पुष्कळदा दिलं जातं, कधी एकटं, कधी दुसऱ्या अँटिबायोटिकबरोबर एकाच गोळीत. वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल घेणाऱ्याने ते घेतलं तर आयएनआर झपाट्याने चढतो. दाढ काढताना न आलेलं रक्त मग चौथ्या-पाचव्या दिवशी हिरडीतून, नाकातून, लघवीतून यायला लागतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला, अल्सरच्या रुग्णाला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला त्रास देतात. यांच्यासाठी पॅरासिटामॉल बरं, तेही सांगितलेल्या मापात. निरोगी माणसाची साधी दाढ निघाली तर प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. दंतवैद्यांनी दिलं नाही म्हणून मेडिकलमधून स्वतः आणून खाऊ नका.

आणि तंबाखू. निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्या उशाशी आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक बायकांची मिशरी दाढदुखीपासूनच सुरू झालेली असते. दाढ ठणकली, सासूने बोटभर मिशरी लावायला दिली, बधिर वाटलं, झालं. दाढ कधीच पडून गेली, मिशरी तीस वर्षं राहिली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पेशंटच्या गालात तो मला रोज भेटतो. गुटख्याने तोंड उघडेनासं झालेल्या पोराची अक्कलदाढ काढणं किती अवघड असतं ते कुठल्याही दंतवैद्याला विचारा. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची जी गाठ बसते तीच जखमेचं झाकण असते. विडी-सिगारेटच्या झुरक्याने आणि सारखं थुंकण्याने ते झाकण निघतं, हाड उघडं पडतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा जातात. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. दंतवैद्याकडे जाऊन खड्डा धुऊन औषध भरून घ्यायचं, घरी गोळ्या वाढवून उपयोग नाही. तंबाखू खाणाऱ्याचा एखादाच दात विनाकारण हलायला लागला, किंवा दात काढलेली जागा तीन आठवड्यांतही भरली नाही, तर तिथला तुकडा काढून तपासायला लाजू नका. हलणारा दात हे तिथे कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं.

"वरची दाढ काढली की नजर जाते" हे मी दर महिन्याला ऐकतो. एका शिकलेल्या मास्तरांनी या भीतीपोटी पू झालेली दाढ दोन वर्षं सांभाळली होती. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, नजरेची नस वेगळी, दोघींचा मेंदूत जायचा रस्ताही वेगळा. मग हा समज आला कुठून? चाळिशी-पन्नाशीत दाढाही जायला लागतात आणि चष्माही लागतो, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर. मधुमेह असेल तर तो दात आणि डोळे दोन्ही खातो. दाढ काढून नजर जात नाही. साखर न तपासल्याने जाते.

दाढ काढून घरी आल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखा काढून बघू नका. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणारच, थुंकू नका, गिळा. चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. मऊ आणि गार खा. दहीभात, ताक, आईस्क्रीम. तांबडा-पांढरा रस्सा, मिसळ आणि वाफाळता चहा दोन-तीन दिवस बंद. यावर माझ्याशी वाद घालणारे फक्त कोल्हापुरातच भेटतात. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या. रात्री रक्त पुन्हा सुरू झालं तर उठून बसा, स्वच्छ गॉज किंवा कापसाचा घट्ट बोळा ओला करून खड्ड्यावर ठेवा आणि घड्याळ लावून तीस मिनिटं चावा. दोनदा करूनही थांबलं नाही तर सकाळची वाट बघू नका.

एक गोष्ट मात्र अशी आहे की तिथे मला फोन करण्यातही वेळ घालवू नये. दाढेच्या दुखण्यात किंवा दाढ काढल्यानंतर हनुवटीखाली, गळ्यावर टणक सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळायला लागली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा आवाज बदलला, तर पू गळ्यात उतरतोय आणि काही तासांत श्वास कोंडू शकतो. शेक देऊ नका, झोपवू नका, बसलेल्या स्थितीतच गाडीत घाला आणि थेट सीपीआरच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या.